इंग्रजी 'सेड' मराठी बातमीत दर वेळी बदलायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मराठी दैनिकाच्या डेस्कवर नवीन आहात, एजन्सीची, म्हणजे वृत्तसंस्थेची, इंग्रजी कॉपी (बातमीचा मजकूर) मराठीत करता, त्या कॉपीत जवळपास प्रत्येक परिच्छेदात 'सेड' (said) असतं, पोलीस सेड, द मिनिस्टर सेड, ही (he) सेड, आणि तुम्ही सगळीकडे 'सांगितलं' किंवा 'म्हणाले' लिहिलं की वरिष्ठ म्हणतात, किती रिपीट करतेस, एकदा 'स्पष्ट केलं' लिही, एकदा 'नमूद केलं', एकदा 'दावा केला', वाचणारा कंटाळतो. सोबत पाणीकपातीच्या बातमीचा एक उताराही तुम्ही दिलाय, त्याच्याकडे शेवटी येतो.

मी २७ वर्षं डेस्कवर काढली, आधी जिल्हा आवृत्तीत आणि मग मुख्य कचेरीत, आणि त्यातली बहुतेक वर्षं हेच काम केलं, इंग्रजी कॉपी समोर ठेवून मराठी बातमी करायची. माझं उत्तर: क्रियापद बदलू नका. वरिष्ठांची तक्रार कानाला खरी आहे, मराठीत 'सांगितलं सांगितलं' खरंच टोचतं, पण त्यावर इलाज क्रियापद बदलणं हा नाही, वाक्य बदलणं हा आहे. का ते जरा सविस्तर लिहितो, कारण हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं, आणि कळेपर्यंत माझ्या हातून एका माणसाचं नुकसान झालं.

आधी इंग्रजीतलं बघू. शाळेत इंग्रजी निबंध लिहिताना सांगतात की एकच शब्द परत परत नको, पण इंग्रजी पत्रकारितेत नेमकं उलटं शिकवतात. रॉयटर्स, असोसिएटेड प्रेस, बीबीसी, गार्डियन, कोणाचंही स्टाइलबुक (लेखनाचे नियम सांगणारं पुस्तक) घ्या, मुद्दा साधारण एकच असतो की माणूस जे बोलला ते 'सेड'ने द्या, बाकीची क्रियापदं जपून वापरा. 'क्लेम्ड' लिहिलं की आमचा याच्यावर विश्वास नाही असं सुचतं, 'अ‍ॅडमिटेड' लिहिलं की त्याने काहीतरी चुकीचं केलं होतं आणि आता कबूल केलं असं सुचतं, 'रिव्हील्ड' किंवा 'पॉइंटेड आउट' लिहिलं की तो म्हणतो ते खरंच आहे असं आपण मान्य केल्यासारखं होतं. 'सेड'मध्ये यातलं काहीच नाही, तो बोलला एवढंच त्यात आहे. मंत्री सेड, आरोपी सेड, रडणारी आई सेड, कंपनी सेड. सगळ्यांना एकच माप.

आणि हे इंग्रजीत खपतं त्याचं एक कारण त्यांच्या वाक्याच्या रचनेत आहे. इंग्रजी बातमीत 'सेड' बहुतेक वेळा वाक्याच्या शेपटीला येतं, स्वल्पविराम, पोलीस सेड, संपलं. किंवा मध्येच कुठेतरी, ही सेड ऑन ट्यूसडे. वाचणाऱ्याचा डोळा त्याच्यावरून घसरत पुढे जातो. दहा वेळा आलं तरी कळत नाही, पूर्णविराम किती वेळा आला ते आपण मोजत नाही तसं.

मराठीत तसं होत नाही. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं आणि वाचणाऱ्याच्या मनात राहतो तो शेवटचा शब्द. 'रस्त्याचं काम जूनपर्यंत पूर्ण होईल, असं महापौरांनी सांगितलं' आणि 'रस्त्याचं काम जूनपर्यंत पूर्ण होईल, असा दावा महापौरांनी केला', ही दोन वाक्यं मोठ्याने वाचून बघा. बातमी तीच, महापौर तेच, पण दुसऱ्यात वाचणाऱ्याला आपण डोळा मारला की हे काही खरं नाही. इंग्रजीत 'क्लेम्ड'ने सुद्धा हे होतं, पण मराठीत ते जास्त जोरात होतं, कारण शेवटचा ठोका त्या शब्दावर पडतो. म्हणून इंग्रजीपेक्षा मराठीत हे क्रियापद जास्त विचार करून निवडायला हवं, आणि आपल्याकडे नेमकी त्याचीच वैविध्याच्या नावाखाली अदलाबदल चालते.

इंग्रजी-मराठीची ही जोडणी काही आजची नाही. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघालं तेव्हा त्याच्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जायचा. म्हणजे इंग्रजी वाक्य मराठीत कसं बसवायचं हा प्रश्न मराठी वृत्तपत्राच्या जन्मापासूनचाच आहे, तुम्ही एकट्या अडलेल्या नाही.

आता मराठीतली आपली नेहमीची क्रियापदं घ्या आणि बघा ती कोणाच्या वाट्याला जातात. मी मध्ये काही वर्षं नव्या मुलांना शिकवत होतो तेव्हा त्यांच्याकडून हेच करून घ्यायचो, आठवड्याचे अंक घ्या आणि लाल पेनने फक्त हे शब्द गोल करा. दर वेळी चित्र तेच यायचं. पोलीस 'माहिती देतात'. मंत्री 'ग्वाही देतात', 'स्पष्ट करतात', 'प्रतिपादन करतात'. अधिकारी 'नमूद करतात'. विरोधी पक्ष 'आरोप करतो'. रहिवासी 'आरोप करतात' नाहीतर 'संताप व्यक्त करतात'. शेतकरी 'व्यथा मांडतात', 'साकडं घालतात', 'टाहो फोडतात'. सगळ्यांनी केलेलं काम एकच आहे, तोंड उघडून काहीतरी सांगितलं. पण खुर्ची बघून आपण क्रियापद वाटतो.

यात 'माहिती दिली' हा शब्द मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो निरुपद्रवी दिसतो. माहिती म्हणजे काय, जे खरं आहे ते. 'चकमकीत दोघे ठार झाले, अशी माहिती पोलिसांनी दिली' असं लिहिलं की चकमक झाली हे आपण मान्य केलं. त्याच बातमीत खाली मृताचा भाऊ म्हणतो की त्याला घरातून उचलून नेलं होतं, आणि ते आपण 'असा आरोप भावाने केला' असं लिहितो. दोघंही घटनेबद्दल आपापली बाजू सांगतायत, बातमीदार दोन्ही ठिकाणी हजर नव्हता, तरी एकाची माहिती झाली आणि दुसऱ्याचा आरोप. इंग्रजी कॉपीत बहुतेक वेळा दोन्हीकडे 'सेड'च असतं. म्हणजे पक्षपात मूळ कॉपीत नव्हता, तो मराठी करताना आपण घातला, आणि तोही लक्षात न येता.

'स्पष्ट केलं'चंही तसंच. आधी काहीतरी गढूळ होतं आणि आता निवळलं असा त्याचा अर्थ. मंत्र्यांनी निर्णय होईल की नाही ते सांगितलंच नाही, 'योग्य वेळी बघू' म्हणाले, आणि आपण लिहितो योग्य वेळी निर्णय घेऊ, असं त्यांनी स्पष्ट केलं. आणि 'प्रतिपादन' म्हणजे मुद्दा मांडून, पुरावे देऊन सिद्ध करणं. आपल्याकडे फीत कापायला आलेला पाहुणा दोन मिनिटं बोलला तरी 'असे प्रतिपादन त्यांनी केले', आणि पुढचं वाक्य ठरलेलं, 'कार्यक्रमात ते बोलत होते'. हा साचा इतका अंगवळणी पडलाय की हात आपोआप तेच टाइप करतो. तो मोडायची सवय लावून घ्या, पहिल्या वर्षातच लागली तर लागते.

आता म्हणणे, सांगणे आणि बोलणे या तिघांतला फरक, कारण 'सेड' या तिघांत फुटतं. माणसाचे शब्द जसेच्या तसे देताय, अवतरणात, तर 'म्हणाले'. माहितीचा मजकूर देताय तर 'सांगितलं'. इंग्रजीत 'टोल्ड' असेल, म्हणजे कोणाला तरी सांगितलंय, तर 'सांगितलं'च, आणि कोणाला ते गाळू नका, एका वृत्तसंस्थेला सांगितलं आणि भर पत्रकार परिषदेत सांगितलं यात फरक असतो. 'बोलले' हे भाषणाला, संभाषणाला. मुंबईत 'मी त्याला बोललो की' असं सर्रास म्हणतात आणि आता चॅनेलवरही ऐकू येतं, बोलण्यात मला त्याचं काही वाटत नाही, छापताना मात्र 'म्हणालो'.

व्याकरणाचा एक भाग इथे फार कामाचा आहे. 'म्हणाला' हे क्रियापद कर्त्याप्रमाणे फिरतं, तो म्हणाला, ती म्हणाली, ते म्हणाले, त्या म्हणाल्या. म्हणजे लिंग कळायलाच हवं आणि मान द्यायचा की नाही तेही ठरवायलाच हवं. 'सांगितलं'ला कर्त्याला ने किंवा नी लागतं आणि क्रियापद जागचं हलत नाही, त्यांनी सांगितलं, मग ते असोत की त्या. इंग्रजी कॉपीत 'ए स्पोक्सपर्सन सेड' असतं, परदेशी नाव असतं, बाई की पुरुष काहीच कळत नाही, आणि रात्री साडेअकराला पान छपाईला सोडायचं असतं, तेव्हा 'सांगितलं'ने निभावतं. चुकून 'म्हणाले' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी ती बाई निघाली हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

मानाचा प्रश्न याहून नाजूक आहे. इंग्रजी 'सेड'ला आदरार्थी रूप नाही. मराठीत मात्र मंत्री 'म्हणाले' आणि अटक झालेला माणूस 'म्हणाला'. त्याच्यावर अजून आरोपपत्रही नाही, पण आपल्या क्रियापदाने त्याचा मान काढून घेतला. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको 'म्हणाली' आणि तिला भेटायला आलेल्या आमदारबाई 'म्हणाल्या', एकाच बातमीत, चार ओळींच्या अंतराने. मी आमच्या डेस्कवर हा नियम आणायचा प्रयत्न केला होता की सज्ञान माणसाला सरसकट 'म्हणाले', 'म्हणाल्या', मग तो कोणीही असो. पूर्ण जमलं नाही, पण जिथे माझ्या हातात कॉपी होती तिथे मी केलं, आणि तुम्हीही करा असं कळकळीने सांगेन. भगवद्गीतेत बोलणारे चार जण आहेत, धृतराष्ट्र, संजय, अर्जुन आणि श्रीकृष्ण, आणि चौघांच्या बोलण्याआधी एकच क्रियापद येतं, उवाच. आंधळा राजा असो की प्रत्यक्ष भगवान. मान नावाला लावलाय, श्रीभगवान् असं, क्रियापदाला नाही. रणभूमीवरची हकीकत सांगणाऱ्या त्या ग्रंथाला हे पुरलं, आपल्या दोन कॉलमी बातमीलाही पुरेल.

निर्जीव कर्त्याचंही सांगतो. इंग्रजीत रिपोर्ट सेड, ऑर्डर सेड, व्हाइट हाऊस सेड, सगळं चालतं. मराठीत 'अहवालाने सांगितलं' हे लगेच भाषांतर म्हणून उघडं पडतं. कागद असेल तर 'अहवालात म्हटलं आहे', 'आदेशात म्हटलं आहे'. अभ्यास असेल तर 'अभ्यासातून दिसून आलं', पण खरंच दिसून आलं असेल तरच, नाहीतर 'अभ्यासकांचं म्हणणं आहे'. आणि 'सांगण्यात आलं' हे रूप शक्यतो टाळा. कोणी सांगितलं ते त्यात गायब होतं, आणि बातमीत सगळ्यात आधी तेच हवं असतं.

आता माझ्या हातून घडलेलं सांगतो. जिल्हा आवृत्तीत होतो तेव्हाची गोष्ट. शेतातल्या विहिरींवरच्या मोटारी चोरीला जायच्या, पोलिसांनी एका तरुणाला पकडलं आणि प्रेसनोट आली. प्रेसनोटची भाषा तुम्हाला माहीत आहेच, 'सदर इसमाने गुन्ह्याची कबुली दिली असून'. (इंग्रजी कायद्याच्या भाषेत 'द सेड पर्सन' असतं, तिथे 'सेड' या क्रियापदाचं विशेषण झालेलं आहे, आपलं 'सदर' तेच काम करतं. ते बातमीत कधीच आणू नका.) मी शीर्षक दिलं, '१४ मोटारी चोरल्याची कबुली', खाली त्याचं नाव, गाव, वय. तीन-साडेतीन वर्षांनी त्याचे वडील कचेरीत आले. प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेलं आमचं कात्रण होतं आणि निकालाची प्रत होती, मुलगा निर्दोष सुटला होता. ते भांडायला आले नव्हते. कात्रण टेबलावर ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, साहेब, त्याने कबूल केलं तेव्हा तिथे तुमचं कोण होतं? कोणीच नव्हतं. मी नव्हतो, आमचा वार्ताहर नव्हता, आम्ही फक्त प्रेसनोट वाचली होती. सुटल्याची बातमी आम्ही सिंगल कॉलम छापली. कबुलीची चार कॉलम होती.

त्यानंतर मी कायदा वाचला, आणि तो प्रत्येक उपसंपादकाने वाचायला हवा. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आहे. कबुलीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्या भागापुरता अपवाद आहे. दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवलेली कबुली वेगळी, तिला पद्धत आहे, आधी समज द्यावी लागते की कबुली द्यायचं बंधन तुझ्यावर नाही. म्हणजे जी गोष्ट कोर्ट ऐकूनही घेत नाही ती आपण शीर्षकात छापतो. इंग्रजी कॉपीत 'कन्फेस्ड' असलं तरी मराठीत 'त्याने कबुली दिल्याचं पोलिसांचं म्हणणं आहे' एवढंच लिहा, आणि शीर्षकात 'कबुली' नकोच, 'चोरीप्रकरणी एकाला अटक' पुरे.

'अ‍ॅडमिटेड' साठी दुसरी एक गफलत होते. गुन्हा नसेल, नुसती चूक असेल, तर लोक 'मान्य केलं' लिहितात. पण मराठीत मागणीही 'मान्य' होते. 'प्रशासनाने विलंब मान्य केला' यातून उशीर झाला हे स्वीकारलं की उशिराला परवानगी दिली, एक क्षण कळत नाही. 'उशीर झाल्याचं प्रशासनाने मान्य केलं' असं फोडून लिहा. आणि तेही मूळ कॉपीत अधिकारी खरोखर 'आमचं चुकलं' म्हणाला असेल तरच, नाहीतर 'उशीर झाला, असं प्रशासनाने सांगितलं'.

'डिनाइड' आणि 'रिफ्यूटेड'. इंग्रजीत 'रिफ्यूट' म्हणजे मुद्दा खोडून काढणं, खोटा ठरवणं, आणि तिकडचे लोकही ते 'डिनाय'च्या जागी वापरतात म्हणून स्टाइलबुकं त्यांना टोकतात. आपल्याकडे ही जोडी 'खंडन केलं' आणि 'इन्कार केला' अशी आहे. खंडन म्हणजे तुकडे करणं, वादात समोरच्याचा मुद्दा मोडून काढणं. नेत्याने 'आरोप बिनबुडाचे आहेत' एवढंच म्हटलं तर ते खंडन नाही, तो इन्कार आहे. 'आरोप फेटाळले' चालतं. कागद दाखवून, तारखा देऊन खोडलं असेल तर खंडन.

'अलेज्ड' आणि आपलं 'कथित'. पुष्कळ जणांना वाटतं 'कथित' लावलं की आपण सुटलो. तसं नाही. दुसऱ्याने केलेला बदनामीचा आरोप आपण छापला तर तो आपणही केल्यासारखाच धरला जाऊ शकतो, बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, आधी भारतीय दंड संहितेत ४९९ आणि ५०० होतं, आणि शिक्षा २ वर्षांपर्यंतची साधी कैद होऊ शकते. कोर्टात जे घडलं त्याच्या खऱ्या वृत्तांताला त्यात अपवाद आहे, म्हणून 'न्यायालयात सरकारी वकिलांनी सांगितलं' हे वाक्य 'कथित' या शब्दापेक्षा कितीतरी मजबूत आहे. कोणी, कुठे, कोणापुढे सांगितलं ते लिहा, 'कथित' आपोआप गळून पडेल.

राजकीय बातम्यांबद्दल फार लिहीत नाही. इंग्रजी टॅब्लॉइडच्या शीर्षकात 'स्लॅम्स', 'ब्लास्ट्स' असतं आणि आपल्याकडे टोला, घणाघात, हल्लाबोल, समाचार घेतला, खडे बोल सुनावले. मूळ विधान वाचलं तर पुष्कळदा साधा मतभेद असतो. एजन्सीच्या कॉपीत 'सेड' असताना मराठीत 'घणाघात' करायचा हक्क आपल्याला कोणी दिला? नेत्याचं वाक्य खरंच धारदार असेल तर ते अवतरणात द्या, धार वाचणाऱ्याला दिसते.

मोबाइलचा मुद्दा नवा आहे आणि मी डेस्क सोडला तेव्हा कुठे तो कळायला लागला होता. मराठी वाक्यात कोण म्हणालं ते शेवटी येतं, आणि फोनवरच्या नोटिफिकेशनमध्ये शेवट कापला जातो. समजा तुम्ही लिहिलं, 'धरणातून पाणी सोडण्यास उशीर झाल्यानेच गावात पूर शिरला आणि त्याला अधिकारी जबाबदार आहेत, असा आरोप ग्रामस्थांनी केला'. फोनवर दिसतं, 'धरणातून पाणी सोडण्यास उशीर झाल्यानेच गावात पूर शिरला आणि त्याला अधिकारी...'. आरोपाची बातमी झाली, म्हणणारा कापला गेला, आणि लोक स्क्रीनशॉट तेवढ्याचाच काढतात. यावर उपाय म्हणजे माणूस आधी आणा. 'ग्रामस्थ म्हणतात, पाणी उशिरा सोडल्याने पूर आला'. छापील शीर्षकात आपण अपूर्णविराम देऊन शेवटी नाव टाकतो, 'दरवाढ तात्पुरती : मंत्री', ते कागदावर ठीक आहे, कारण तिथे डोळा पूर्ण ओळ एका दमात घेतो. फोनसाठी ते उलटं करा, 'मंत्री म्हणतात, दरवाढ तात्पुरती'.

लांब वाक्यातही तेच. इंग्रजी कॉपीतलं चाळीस शब्दांचं वाक्य उचलून शेवटी 'असं त्यांनी सांगितलं' जोडलं की वाचणारा चाळीस शब्द ते सत्य म्हणून वाचत जातो. 'त्यांच्या म्हणण्यानुसार' आधी घ्या, किंवा 'त्यांनी सांगितलं की' म्हणून सुरुवात करा. 'की'ची रचना मराठी नाही म्हणून काही जण नाक मुरडतात, पण ती शतकानुशतकं आपल्या बोलण्यात आहे, मला तिच्यात काही गैर वाटत नाही.

सूत्रांकडून आलेल्या गोष्टींना 'असं समजतं', 'असं कळतं' लिहितात, भारतीय इंग्रजीतल्या 'इट इज लर्न्ट'चं ते रूप. मला हे मुळीच आवडत नाही, कारण समजलं कोणाला आणि कोणाकडून, दोन्ही नाही. मराठीकडे ऐकीव गोष्टीसाठी एक सुंदर छोटा शब्द आहे, 'म्हणे'. तो म्हणे परवाच मुंबईला गेला. एका शब्दात सांगून टाकलं की मी पाहिलं नाही, ऐकलं. गावाकडे कोणी 'म्हणे' गाळून बातमी सांगितली तर समोरचा लगेच विचारतो, तू पाहिलंस का? बातमीत 'म्हणे' लिहिता येत नाही, त्यात अविश्वासाचा सूर येतो. पण कॉपी वाचताना प्रत्येक वाक्याला मनात 'म्हणे' लावून बघा. जिथे लावता येतं तिथे सांगणाऱ्याचं नाव हवंच. जिथे लावता येत नाही, म्हणजे पाऊस पडला, पूल बंद आहे, सामना संपला, तिथे 'असं अधिकाऱ्यांनी सांगितलं'ची गरजच नसते.

आणि वरिष्ठांना जो कंटाळा येतो तो बहुतेक इथूनच येतो. इंग्रजी एजन्सी प्रत्येक वाक्याला 'सेड' लावते कारण कॉपी कोण कुठून कापेल हे तिला माहीत नसतं, कोणताही परिच्छेद उडाला तरी उरलेल्यात नाव राहायला हवं. तुमच्या पानावर ती अडचण नाही, तुम्हाला पूर्ण बातमी दिसतेय. एका माणसाचं म्हणणं एका परिच्छेदात गोळा करा, सुरुवातीला एकदाच नाव आणि 'सांगितलं', पुढची वाक्यं तशीच जाऊ द्या. दुसरा माणूस आला की नवा परिच्छेद.

आता तुमचा उतारा. तुम्ही लिहिलंय, 'शहरात सोमवारपासून एक दिवसाआड पाणी येणार असल्याचे आयुक्तांनी स्पष्ट केले. धरणात केवळ २२ टक्के साठा उरल्याची माहिती त्यांनी दिली. जुलैअखेरपर्यंत पाणी पुरेल, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला. गळतीमुळे पाणी वाया जात नसल्याचे त्यांनी नमूद केले. रहिवाशांनी मात्र गळतीकडे दुर्लक्ष झाल्याचा आरोप करत संताप व्यक्त केला.' मूळ इंग्रजी तुम्ही खाली दिलंय त्यात पाचही ठिकाणी 'सेड' आहे. 'विश्वास' कुठे नाही, 'संताप' कुठे नाही. गळतीबद्दल आयुक्त एक सांगतात आणि रहिवासी दुसरं, आणि तुम्ही एकाला 'नमूद' दिलं, दुसऱ्याला 'आरोप'.

मी असं केलं असतं: 'शहरात सोमवारपासून एक दिवसाआड पाणी येईल. आयुक्तांनी सांगितलं की, धरणात २२ टक्के साठा उरला आहे आणि तो जुलैअखेरपर्यंत पुरेल. गळतीमुळे पाणी वाया जात नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. गळतीकडे दुर्लक्ष झालं, असं रहिवाशांचं म्हणणं आहे.' तुमच्या पाच वाक्यांतल्या पाच क्रियापदांच्या जागी एक 'सांगितलं' आणि दोन 'म्हणणं', आणि ती दोन मुद्दाम सारखी ठेवलीत, तिथे वेगळा शब्द घालू नका. पहिल्या वाक्याला कोणाचं नाव लावलेलं नाही कारण तो महापालिकेचा जाहीर निर्णय आहे, त्याचं परिपत्रक निघालंय हे मात्र एकदा फोन करून खात्री करून घ्या. आणि त्याच फोनवर आयुक्त बाई आहेत की पुरुष तेही विचारा, कॉपीत कुठेच नाही, मी 'आयुक्तांनी' लिहून वेळ भागवलीय पण फोटोखालच्या ओळीत तुम्ही अडाल.